गुरुवारची प्रार्थनासभा

ख्रिस्ती मंडळीत प्रार्थना एकांतात होते, तशीच समुदायातही होते. एकांतातल्या प्रार्थनेला वेळेचे, शब्दांचे किंवा क्रमाचे बंधन नसते. चारचौघांनी एकत्र बसून प्रार्थना करायची म्हटली की मात्र क्रम लागतो. सुरुवात कोणी करायची, आधी काय म्हणायचे, मागणे कधी मांडायचे, कोणी कुठे थांबायचे आणि शेवट कशाने करायचा, हे ठरलेले असावे लागते. हा क्रम कधी छापील उपासनाग्रंथात असतो, कधी पाळकांनी चिठ्ठीवर लिहून आणलेला असतो, तर कधी वर्षानुवर्षांच्या सवयीने सगळ्यांना पाठ झालेला असतो. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात अशा सभा चर्चमध्ये भरतात, सोसायट्यांतल्या दोन खोल्यांच्या घरांत भरतात, आणि कारखान्यांच्या पाळ्या सांभाळून भरतात.

क्रमाने प्रार्थना करण्याची रीत ख्रिस्ती धर्माच्या आरंभापासूनची आहे. येशू आणि त्याचे पहिले शिष्य यहुदी होते. दिवसाच्या ठरलेल्या घटकांना प्रार्थना करणे आणि स्तोत्रसंहितेतील स्तोत्रे एकत्र म्हणणे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. शिष्यांनी प्रार्थना शिकवा म्हणून विनवले तेव्हा येशूने जी शिकवली, ती 'प्रभूची प्रार्थना' आजही जवळजवळ प्रत्येक पंथात म्हटली जाते. तिच्यातही क्रम आहे. आधी देवाचे नाव, त्याचे राज्य आणि त्याची इच्छा. मग रोजची भाकर, पापांची क्षमा आणि मोहापासून रक्षण. सबंध प्रार्थना बहुवचनात आहे. भाकर कोणी एकट्यापुरती मागितलेली नाही. आरंभीच्या मंडळ्यांसाठी लिहिलेल्या 'दिदाखे' या छोट्या ग्रंथात ही प्रार्थना दिवसातून तीनदा करावी असे सांगितले आहे.

घरात जमून प्रार्थना करण्याचा दाखलाही तितकाच जुना आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात असताना मार्कची आई मरीया हिच्या घरी पुष्कळ जण प्रार्थनेसाठी जमले होते, अशी हकिगत आहे. प्रेषित पौलाला करिंथच्या मंडळीतील एक अडचण हाताळावी लागली. तिथे एकाच वेळी अनेक जण बोलू लागत आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नसे. एकामागून एकाने बोलावे आणि सगळे व्यवस्थितपणे व्हावे, अशी ताकीद त्याने पत्रातून दिली. पुढच्या शतकांत या सूचनेची कितीतरी रूपे झाली. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठवासीयांसाठी दिवस-रात्रीच्या प्रार्थनेचे प्रहर आखून दिले. १५४९ साली इंग्लंडमध्ये लोकांच्या भाषेतला प्रार्थनाग्रंथ छापला गेला. १७२७ साली जर्मनीतल्या हेर्नहूट गावी मोरावियन बंधुभगिनींनी दिवसाचे चोवीस तास आपसांत वाटून घेतले आणि ती प्रार्थनेची साखळी शंभरहून अधिक वर्षे चालली. मराठी मंडळ्यांत आज 'साखळी प्रार्थना' होते ती याच वळणाची. ज्याने त्याने आपला तास निवडायचा आणि घरी किंवा चर्चमध्ये तो पार पाडायचा.

महाराष्ट्रात या रीतीला स्वतःचे रूप आले ते गाण्यातून. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले, आणि १८३१ पासून अहमदनगर हे त्यांच्या कामाचे मोठे ठाणे झाले. सुरुवातीची गीते पाश्चात्त्य चालींवर बेतलेली होती. शब्द मराठी, पण चाल परकी, त्यामुळे खेड्यातल्या माणसाला त्यात आपला सूर लावणे जड जाई. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या नगरकडच्या कवींनी देशी चालीत गीते रचली आणि ख्रिस्ती कीर्तने होऊ लागली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ही वाट मोठी केली. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. त्यांची अभंगाच्या आणि भजनाच्या वळणाची गीते 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून आज घरोघर गायली जातात. तुकोबांचे देहू आणि ज्ञानोबांची आळंदी ही दोन्ही गावे याच औद्योगिक पट्ट्याला लागून आहेत. टाळ धरून, एकाने सांगायचे आणि बाकीच्यांनी उचलून धरायचे, ही या भूमीची सामुदायिक भक्तीची रीत ख्रिस्ती प्रार्थनासभेतही नांदते आहे, आणि ते मराठी मंडळ्यांचे मोठे धन आहे.

सामुदायिक प्रार्थनेची महाराष्ट्रातील सर्वांत ठळक घटना पुणे जिल्ह्यातच घडली. पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) मुक्ती मिशन आहे. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली आणि बालविधवा अशा शेकडो जणींचे ते घर होते. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुलींपुढे एक आवाहन केले: आत्मिक जागृतीसाठी रोज एकत्र येऊन प्रार्थना करायला कोण तयार आहे? सत्तर जणी पुढे आल्या. हळूहळू संख्या वाढत गेली आणि जूनपर्यंत सुमारे साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा प्रार्थनेला बसू लागल्या. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, विषय ठरलेला. जूनच्या अखेरीस मुक्तीत मोठी जागृती झाली. मुली रडत पापे कबूल करू लागल्या आणि शेकडो जणी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. बाहेरून पाहणाऱ्यांना हा गोंधळ वाटला. रमाबाईंनी ती प्रार्थना थांबवली नाही, उलट तिची बाजू घेतली. त्याच मुलींच्या टोळ्या पुढे आसपासच्या गावांत जाऊ लागल्या. कोणासाठी प्रार्थना करायची त्यांच्या नावांच्या याद्या त्यांच्याजवळ असत. 'मुक्ती प्रेयर बेल' या रमाबाईंच्या नियतकालिकातून ही हकिगत दूरवर गेली. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी लिहिलेली पुस्तिका चिलीमधल्या वालपराइसो शहरी पोहोचली, आणि तिथे १९०९ साली झालेल्या पेंटेकोस्टल जागृतीला तिने चालना दिली.

या घटनेतला आवेश सगळ्यांना आठवतो. त्याआधीचे जवळजवळ सहा महिने फारसे कोणी सांगत नाही. आवेशाच्या आधी शिस्त होती. रोज दोनदा, न चुकता बसण्याची ती शिस्त नसती तर त्या मुलींना एकमेकींसमोर मन मोकळे करण्याइतका भरवसा वाटला असता का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

दुसरा प्रयोग अधिक शांत होता. अँग्लिकन मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली नगरला ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला आणि त्याच दशकाच्या अखेरीस पुण्यात शिवाजीनगरला त्याचा आश्रम उभा राहिला. भारतीय आणि इंग्रज बंधू एकत्र राहत, साधे जेवत आणि ठरलेल्या वेळी प्रार्थनेला जमत. पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून प्रसिद्ध झालेले व्हेरियर एल्विन १९२७ साली याच संघात दाखल झाले होते. टिळकांचे इंग्रजी चरित्रही विन्स्लो यांनीच लिहिले. १९७०च्या दशकात अँग्लिकन आणि कॅथलिक भगिनींनी मिळून या आश्रमात नव्याने सामुदायिक जीवन सुरू केले. दोन पंथांनी एका छताखाली रोजची प्रार्थना करणे ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती.

पिंपरी-चिंचवडची ख्रिस्ती वस्ती मात्र आश्रमातून किंवा मिशनमधून वाढलेली नाही; ती कारखान्यांमुळे वाढली. शेजारच्या खडकीला लष्करी छावणी आणि दारूगोळा कारखाना होता, देहूरोडलाही छावणी होती, आणि त्या निमित्ताने चर्चही होती. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही औषध कंपनी आली. १९६२ साली एमआयडीसीची स्थापना झाली आणि त्यानंतर भोसरी, चिंचवड, आकुर्डीचा परिसर यंत्रांच्या आवाजाने भरून गेला. पुढच्या काळात चाकणला मोटार उद्योग आला. नगर, श्रीरामपूर, जालना, औरंगाबादकडची मराठी ख्रिस्ती कुटुंबे, केरळचे मार थोमा आणि ऑर्थोडॉक्स, तामिळनाडूचे, गोव्याचे आणि मंगळुरूकडचे कॅथलिक अशी माणसे नोकरीच्या मागे इथे येऊन राहिली. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याच्याही आत. अशा विरळ समाजातला माणूस नव्या शहरात येतो तेव्हा त्याला ओळखीची पहिली दारे बहुधा प्रार्थनासभेतच सापडतात. मूळ मिशन वेगळे, उपासनेची सवय वेगळी, बोली वेगळी. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्थांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली, त्यामुळे निरनिराळ्या परंपरांतली माणसे एका बाकावर आली. एकत्र बसायचे तर सगळ्यांना मान्य होईल असा क्रम हवा, ही गरज इथे रोजचीच.

त्यात पाळ्यांची अडचण. या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेचा भार एकाच वारी मोकळा न पडता वाटला जावा म्हणून औद्योगिक वसाहतींना सुट्टीचे वेगवेगळे वार ठरवून देण्याची पद्धत पडली, त्यातून हा गुरुवार आला. म्हणजे ज्या दिवशी चर्चमध्ये उपासना, त्या दिवशी कामगार मशीनवर. पहिली पाळी असेल तर संध्याकाळची उपासना मिळते, दुसरी असेल तर सकाळची, आणि रात्रपाळी करून आलेला माणूस बाकावर बसून झोपेशी झगडत असतो. म्हणून गुरुवारच्या घरसभेला इथे वेगळे महत्त्व आहे. गावाकडे आठवड्याच्या मधली सभा ही रविवारची पुरवणी असते. या पट्ट्यात काही कुटुंबांसाठी तीच मुख्य उपासना होऊन बसते.

अशा घरसभेचा सर्वसाधारण क्रम पाहण्यासारखा असतो. संध्याकाळी साडेसात-आठची वेळ. हॉलमधले सामान भिंतीकडे सरकवून सतरंजी अंथरलेली असते आणि चपला जिन्यापर्यंत गेलेल्या असतात. पेटी असली तर उत्तम, नाहीतर ढोलकी आणि टाळ्या. पहिल्या गीताच्या वेळी माणसे अजून येतच असतात, म्हणून सगळ्यांना पाठ असलेले गीत निवडतात. मग छोटी आरंभीची प्रार्थना, शास्त्रपाठ आणि त्यावर पाळकांचे किंवा मंडळीतल्या एखाद्या वडिलांचे दहा-पंधरा मिनिटांचे मनन. त्यानंतर सभेचा गाभा येतो. त्याचे चार टप्पे मानले जातात: स्तुती, पापकबुली, उपकारस्तुती आणि मध्यस्थी.

स्तुतीच्या वेळी काहीही मागायचे नसते. देव कसा आहे एवढेच बोलायचे. ऐकायला सोपे, करायला अवघड. कारण माणूस प्रार्थनेला बसतो तोच मनात मागणे घेऊन. जाणता चालक इथे एखाद्या स्तोत्राच्या आधाराने सुरुवात करून देतो, म्हणजे नवख्यालाही शब्द सापडतात. पापकबुली बहुतेक ठिकाणी मौनात होते. मिनिटभर कोणी बोलत नाही. चारचौघांत कोणाला आपले दोष सांगायला भाग पाडू नये, हा संकेत चांगल्या सभा कसोशीने पाळतात. ज्याने त्याने मनात कबूल करायचे आणि चालकाने शेवटी सगळ्यांच्या वतीने क्षमेची विनंती करायची.

उपकारस्तुतीला सभा मोकळी होते. एकेका वाक्यात माणसे बोलतात: नोकरी कायम झाली, प्रेस मशीनवर बोट थोडक्यात वाचले, मुलगी दहावीला पास झाली, गावी पाऊस पडला. प्रार्थनेत सहसा न बोलणाऱ्या बायका आणि मुलेही या टप्प्यावर तोंड उघडतात. सामुदायिक प्रार्थना शिकण्याची जागा हीच. 'देवा, तुझे आभार' एवढे एक वाक्य चारचौघांत उच्चारता आले की पुढची वाट सोपी होते.

मध्यस्थी म्हणजे दुसऱ्यासाठी मागणे. त्याआधी 'प्रार्थनेचे विषय' विचारले जातात आणि बऱ्याच मंडळ्यांत त्यांची वही असते. तारीख, विषय, आणि पुढे जागा मोकळी. प्रार्थनेचे उत्तर मिळाले की तिथे नोंद होते. या पट्ट्यातल्या वहीत काय असणार हे सहज सांगता येईल. कंत्राट संपत आले आहे, कंपनीत ले-ऑफ आहे, वायसीएम रुग्णालयात कोणी दाखल आहे, नवरा पितो, मुलाला अ‍ॅप्रेंटिसशिप मिळत नाही, घराचे हप्ते थकले आहेत. विषय वाटून दिले जातात: एकाने आजाऱ्यांसाठी, एकाने नोकरी शोधणाऱ्यांसाठी, एकाने शहरासाठी आणि राज्यकर्त्यांसाठी. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करावी असे पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातच सांगितले आहे, म्हणून ती सहसा कोणत्याही उपासनेत चुकत नाही. एकाने एक विषय घेऊन दोन मिनिटांत संपवायचा आणि बाकीच्यांनी 'आमेन' म्हणायचे. या आमेनने ती प्रार्थना सगळ्यांची होते. शेवटी प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणतात, पाळक आशीर्वाद देतात आणि चहा येतो. दुसऱ्या पाळीहून उशिरा आलेल्यासाठी कोणीतरी कप झाकून ठेवलेला असतो.

कॅथलिक घरांत क्रम याहून अधिक ठरलेला असतो. १९६२ ते १९६५ या काळात झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा ही मुख्य उपासना लोकभाषेत होऊ लागली, पण घरच्या प्रार्थनेत जपमाळ त्याआधीपासून होती. जपमाळेत मण्यांच्या पाच दशकांवर येशू आणि मरियेच्या जीवनातील रहस्यांचे मनन करतात. वारानुसार रहस्ये ठरलेली आहेत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली प्रकाशाची रहस्ये जोडली आणि त्यांना गुरुवार दिला. ऑक्टोबर आणि मे महिन्यांत शेजारपाजारची कुटुंबे आळीपाळीने एकेका घरी जपमाळेसाठी जमतात. अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची, उरलेली सगळ्यांनी. त्यामुळे दमून आलेल्या माणसालाही नवे शब्द शोधावे लागत नाहीत. 'लहान ख्रिस्ती समूह' ही आणखी एक रीत. तिच्यात दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेने रुजवलेली सात पायऱ्यांची पद्धत वापरतात: प्रभूला आमंत्रण, शुभवर्तमानाचे वाचन, मनाला भिडलेल्या शब्दांचा पुनरुच्चार, मौन, अनुभवकथन, करायच्या कामाची चर्चा आणि शेवटी उत्स्फूर्त प्रार्थना. सहावी पायरी फार मोलाची आहे, कारण तिथे प्रार्थनेला हातपाय फुटतात. कोणत्या आजाऱ्याला डबा पोहोचवायचा आणि कोणाच्या मुलाची फी भरायची, हे तिथेच ठरते.

मल्याळी मंडळ्यांत विभागवार प्रार्थनासभा असतात आणि ऑर्थोडॉक्स घरांत पूर्वेकडे तोंड करून उभ्याने प्रार्थना करण्याची प्राचीन प्रथा टिकून आहे. पेंटेकोस्टल सभांत सगळे एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात, केडगावच्या मुलींसारखी. तिथेही क्रम नसतो असे नाही. चालक विषय सांगतो, आवाज चढतो, मग एका गीताने तो पुन्हा खाली आणला जातो.

क्रम असूनही सभा बिघडतात. एकच व्यक्ती वीस मिनिटे प्रार्थना करते आणि मुले झोपून जातात. प्रार्थनेच्या आडून कोणाला तरी उपदेश केला जातो. विषय म्हणून सांगितलेली घरातली भानगड दुसऱ्या दिवशी सोसायटीभर होते. हे सगळ्यांत वाईट, कारण मग माणसे खरे दुःख सांगणेच सोडतात. वहीतले वहीतच राहिले पाहिजे, हा नियम पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावा आणि मोडणाऱ्याला पाळकांनी समज द्यावी. आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना औषध बंद करायला सांगणे हा तर थेट जिवाशी खेळ आहे. जबाबदार पाळक प्रार्थनाही करतात आणि डॉक्टरकडेही पाठवतात. रात्रजागर प्रार्थनेच्या वेळी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक लावायचा नाही, हा कायदा आहे, आणि पहिल्या पाळीसाठी पहाटे उठणाऱ्या शेजाऱ्याचा विचार म्हणूनही तो पाळायला हवा.

वर्षभरात काही प्रार्थना जगाबरोबर होतात. १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह असतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या प्रार्थनेची हाक तर भारतातूनच गेली. लुधियानाच्या मिशनने १८५८ साली जगभरच्या ख्रिस्ती लोकांना आवाहन केले आणि त्यानुसार जानेवारी १८६० मध्ये पहिला सप्ताह पाळला गेला. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. दरवर्षी एका देशातल्या स्त्रिया त्याची उपासना लिहून काढतात आणि त्या दिवशी जगभर तीच उपासना म्हटली जाते.

शेजारच्या घरातून प्रार्थनासभेचे बोलावणे आले तर ख्रिस्ती नसलेल्यानेही संकोच करू नये. चपला बाहेर काढाव्यात, सतरंजीवर बसावे, गीत येत असेल तर गावे, नसेल तर ऐकावे. प्रार्थना म्हणायलाच हवी, अशी सक्ती तिथे नसते. घरात कोणी आजारी असेल किंवा नोकरीची काळजी असेल तर तो विषय मात्र मोकळेपणाने सांगावा. वहीत तोही लिहून घेतला जातो.